चार शिंपल्या उरल्या

थायरॉईडच्या कर्करोगासाठी आईला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी लिहून दिलं, तीन आठवडे माणसांपासून लांब राहा. गोराईच्या घरातल्या मागच्या खोलीत तिने ते पाळलं. चोविसाव्या दिवशी बोंबलाची पाटी घेऊन ती बोरिवलीच्या मासळी बाजारात गेली. मी सोबत होते.

तिच्या विकायच्या जागेवर बाजूला बसणाऱ्या शेजारणीची कोळंबी मांडलेली होती. महिनाभर रिकामी राहिलेली जागा शेजारणीकडे जाते, हा तिथला रिवाज. महिना भरायला सहा दिवस बाकी होते.

"अजून बस घरी," शेजारीण म्हणाली. "गिऱ्हाइकं विचारतात, आम्हालापण लागेल का म्हणून."

"विचारतात, की तू सांगतेस?"

"गोळीतलं किरण आठ दिवसांत अर्धं जातं ना? मग सोळात सगळं गेलं पाहिजे. तू चोवीस दिवस का बसलीस? काहीतरी असणारच."

हीच चूक सुरुवातीला मीही केली होती. रुग्णालयातल्या तंत्रज्ञाने आईला नाणी उडवून ती समजावली होती. घरी येऊन आईने मला समजावली, तिसऱ्या खाऊन उरलेल्या रिकाम्या शिंपल्यांवर.

आता तिने पिशवीतून बत्तीस शिंपल्या काढल्या, हातात खुळखुळवून फळीवर टाकल्या. पालथ्या पडलेल्या बाजूला सारल्या. "हे आठ दिवस." सतरा उरल्या. "कुठली जाणार ते कोणी सांगू शकत नाय. पण उरलेल्यातल्या साधारण अर्ध्या जातात. सगळ्या नाय." पुन्हा टाकल्या. नऊ. पुन्हा. चार.

"म्हणजे चार आहेतच," शेजारीण म्हणाली.

"आहेत. शिवाय अंगातून रोज बाहेर जातं, ते यात धरलं नाय. खोटंच बोलायचं असतं तर तुझ्या हिशेबाने सोळाव्या दिवशीच आले असते. चल, कोळंबी उचल. का मी उचलू? चालेल तुला, माझा हात लागलेला?"

आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. शेजारणीने कोळंबी स्वतः उचलली.

आईने फळी धुतली, बोंबील मांडले. पहिल्या गिऱ्हाइकाला तिने आधी गोळीचं सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला, मग भाव सांगितला. गिऱ्हाईक निघून गेलं. दुसऱ्यालाही तिने त्याच क्रमाने सांगितलं.