अडकलेली प्रार्थना
फिनेलचा वास आला की पंच्याऐंशीच्या सुमाराचं पालघरचं ते इस्पितळ आठवतं. आमची पोर तापाने निपचित पडली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. बोईसरच्या प्रार्थनासभेत मी उभा राहिलो की लोक हळूच चपला शोधायचे, इतका माझ्या जिभेचा पट्टा लांब. तोच मी व्हरांड्यात गुडघे टेकून म्हणालो, "हे परमदयाळू, सर्वसमर्थ पित्या..." पुढचं काही सुचेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकलो. शेवटी ओरडलोच, "अरे, बघतोस काय नुसता? पोर चाललीय माझी!" सगळे वळून बघायला लागले, मी ओशाळलो. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "जावयबापू, आता कुठं तुमी त्याच्याशी बोलताय. थांबू नका." पोर संध्याकाळी गेली. हल्ली सभेत मला प्रार्थनेला उभं करत नाहीत, कारण मी अजून त्याच्याशी भांडतोच आहे.