न वाजलेले बूट

कुंदा गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. वर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, खाली कुणाच्या बढतीचं अभिनंदन, आणि मध्ये जोडलेल्या हातांच्या रांगेत कुंदा. जे तिच्याशी वर्षानुवर्षं धड बोललेही नव्हते, त्यांनी हिंदीत ‘अपूरणीय क्षति’ असं लिहिलं होतं. थोड्या वेळानं तिच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला. “मावशी, आई गेली… झोपेतच.” झोपेत, हे ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग रडू आलं. कुंदाला इतकं शांत मरण येईल असं एके काळी तिला किंवा मलाही वाटलं नव्हतं.

ती तर्कशास्त्र शिकवायची, मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्याच्या गावात, रुआबांधा वस्तीत, आम्ही शेजारी राहायचो. सकाळचं कॉलेज उरकून दुपारी दोघी घरी असायचो, आणि त्याच सुमाराला तिचा नवरा प्लांटमधून पहिली पाळी संपवून यायचा. तो आला की कधी कधी मागच्या दारानं छोटी पल्लवी रिकामी वाटी घेऊन माझ्याकडे यायची. “मावशी, आईनं साखर मागितली.” साखर मिळाली तरी तिला परतायची घाई नसायची. बऱ्याच वाट्या भरून दिल्यावर मी निष्कर्ष काढला की ह्या घरात चहा फार होतो.

मग एका महिला दिनी कॉलेजनं कुंदाचा ‘आदर्श गृहिणी आणि प्राध्यापिका’ म्हणून सत्कार केला. प्रमुख पाहुण्यांनी तिला शाल पांघरवली आणि वर आपुलकीनं खांदा थोपटला. ती कळवळली. टाळ्या वाजल्या. नंतर ग्रंथालयात, कपाटांच्या मागे, तिनं शाल बाजूला करून मला दंड दाखवले. निळे, हिरवे, पिवळे वळ… नवे-जुने सगळे एकत्र.

“प्लांटचा बूट आहे व. पुढं लोखंड असते त्यात,” ती म्हणाली, आणि शिक्षिकाच ती, पुढे शिकवायलाच लागली. नवरा व्हरांड्यात बूट काढतो. भिंतीवर फेकले, धाड आवाज झाला, की त्या दुपारी तोच बूट उचलून मार. हळू ठेवले, की नाही. इतक्या वेळा पाहिलं की त्याचा नियमच झाला. धाड ऐकलं की ती पल्लवीच्या हातात वाटी देते आणि मागचं दार उघडते. “याले विगमन म्हणते. खूप वेळा पाह्यचं अन् त्यावरून नियम बांधायचा. पोरीले वाचवून राहिली मी त्याच्यावर.”

“आणि निगमन? नियमावरून निष्कर्ष?” मी विचारलं.

“ते मायजवळ आहे.” तिची आई नागपूरकडून आली की कुंदाला समजवायची: नवरे मारतेच, हा नवरा आहे, मंग मारीनच. “मी तिले म्हटलं, माय, तुझी मांडणी एकदम बरोबर आहे. पहिलं वाक्य खोटं आहे फक्त.” आणि कुंदा हसली, दुखरा खांदा सांभाळत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ती दुपार. स्कूटर आल्याचं मीही ऐकलं. मग काहीच आवाज नाही. पल्लवी साखर मागायला आली नाही. आणि मग किंकाळी आली, ती पोरीची. मी धावले तेव्हा कुंदा ओट्याखाली पडली होती, तोंडातून रक्त, आणि तो तिच्या बरगड्यांवर लाथा घालत होता. पल्लवी आईच्या अंगावर आडवी पडली होती. एक लाथ तिच्या खांद्यावर बसली होती आणि तिचा हात भलत्याच बाजूला लोंबत होता. मी ओट्यावरचा कुकर उचलून त्याच्या पाठीत घातला. आयुष्यात मी कुणावर उगारलेली ती एकमेव वस्तू. वाया गेली नाही. तो वळला तेव्हा मला त्याचे पाय दिसले.

दवाखान्यात कुंदा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. “आवाजच नाही आला ना व… मले वाटलं, आज बरा आहे.” आवाज आला नाही, कारण त्यानं बूट काढलेच नव्हते.

ती त्या घरी परत गेली नाही; पोरीला घेऊन माझ्याकडेच राहिली. दोन महिन्यांनी समाजाची चार वडीलधारी माणसं माझ्याकडे आली, तिची आईही. आई म्हणाली, “दोन महिने झाले, दारूचा थेंब घेतला नाही त्यानं. आता काहून अडून राहिली तू?”

“मायवाले दोन महिने अन् माह्यावाला बुटाचा आवाज, एकाच जातीचे. आजवरचं पाह्यलं, उद्याची हमी नाही,” कुंदा म्हणाली. “मी आता दुसऱ्या रीतीनं चालतो. जिथं माह्या पोरीचं हाड मोडते, तिथं मी राहत नाही. त्या घरात मोडलं. झालं.” मग मला हळूच म्हणाली, “निष्कर्ष सोपा असतो. पहिलं वाक्य तोंडातून काढासाठी बारा वर्षं लागली.”

हुडको वसाहतीतल्या तिच्या नव्या घराच्या दारात कन्व्हेयर बेल्टचा जाड रबरी तुकडा होता, प्लांटच्या भंगारातला. चपला काढायच्या त्यावर. कितीही जोरात टाका, आवाज होत नसे. मी विचारलं तर म्हणाली, “आवाजावरून माणूस ओळखाचा धंदा बंद केला आपण.”

कुंदाच्या घरी पुण्यानुमोदनाच्या, बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी मांडववाल्यांनी दारातला तो तुकडा उचलून बाजूला टाकला. त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली. एका साहेबांनी कुंदाच्या ‘सोशीक स्वभावा’चं कौतुक केलं. ते जेवायला आत येताना त्यांनी बूट काढले, आणि एक बूट टाइल्सवरून घसरून भिंतीवर आदळला. धाड.

मी स्वयंपाकघरात होते. पल्लवीही. बँकेत अधिकारी असलेली, चाळिशीला आलेली पल्लवी. ती मागच्या दाराकडे तोंड करून उभी होती आणि तिच्या हातात रिकामी वाटी होती. शेजारी साखरेचा डबा काठोकाठ भरलेला.

मी तिच्या हातातून वाटी घेतली नाही. बाहेर गेले, अंगणातून तो रबराचा तुकडा ओढत आणला, दारात अंथरला, आणि साहेबांचे बूट उचलून त्यावर ठेवले.