रिकाम्या घराचा पाट

“रिकामं असलं तरी घर आहे!” असे ओरडून मास्तर उजवा हात आडवा धरत. त्या हातापुढे पोर असो, म्हैस असो की लग्नातला वाढपी असो, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. नसला तर सुखी आहात.

नाशकात गंगेजवळच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, एका शाळेत आम्ही दोघे शिकवत होतो. त्यांची दुसरी आणि माझी दुसरी यांच्यामध्ये गोणपाटाचा पडदा होता. अलीकडे माझी मुले झुलत झुलत निमकी घोकत, म्हणजे एकपासून शंभरपर्यंतच्या आकड्यांचे निम्मे. पलीकडे मास्तरांची मुले संसार मांडून बसलेली असत.

संसारच तो. ओळीने तीन पाट: शतं, दहं, एकं. त्यांवर तीन मुले. एकंकडे सुट्या तुराट्या, दहंकडे दहा-दहा तुराट्यांच्या जुड्या, शतंकडे दहा-दहा जुड्यांच्या मोळ्या. दुप्पट करायची तर एकंपासून सुरुवात. दहा काड्या जमल्या की जुडी बांधून शेजारच्या घरी द्यायची. निम्मे करायचे तर शतंपासून. निम्मे टोपलीत टाकायचे आणि वाटता न आलेली जुडी सोडून धाकट्या घरी धाडायची. ज्याच्याजवळ काहीच उरले नाही त्याने उठायचे, पाट मात्र तिथेच राहायचा. मग सगळ्या वर्गाने उत्तर वाचायचे. “जुडी का काडी ते बघू नका रे! किती आहेत आणि कितव्या घरात आहेत, तेवढंच बघा!” शतंच्याही पलीकडे चौथ्या पाटावर मास्तर स्वतः बसत. पोरे पाठीमागे त्यांना ‘सहस्र’ म्हणत.

या वाटणीला इतका वेळ लागे की तेवढ्यात माझा वर्ग निमकी संपवून पावकीला लागलेला असे. जुड्यांच्या गाठी सुटत नसत, पोरे त्या दातांनी सोडत. मी पडद्याआडून विचारी, “काय मास्तर, झाली का वाटणी, की कोर्टात जाताय?”

“तुमचे पोपट शंभराच्या पुढे मुके होतात,” ते म्हणत. ते खरे होते, म्हणून जास्तच झोंबे.

एकदा पंचवटीत एका लग्नाला आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. पंगतीतला एक पाहुणा मधूनच उठला. वाढप्याने त्याचा पाट उचलला आणि सगळ्यांना सरकायला सांगितले. मास्तरांचा हात आडवा झालाच. “उठला म्हणून पाट उचलता? घर मोडलंत!” वरबाप धावत आला. त्याला वाटले, कुणाचा तरी मानपान राहिला. मास्तरांनी त्याला एकं-दहं समजावले, आणि तोवर माझ्या पानातली जिलबी मुंग्यांनी निम्मी केली.

अशा माणसाची एकच इच्छा होती: हा वर्ग चौथीपर्यंत आपल्याच हाताखाली राहावा. हेडमास्तर म्हणाले, “डिपोटीसाहेब तपासणीला येताहेत. त्यांच्यापुढे ही भातुकली फसली, तर मास्तर, तुमची रवानगी पेठच्या डोंगरात.” आमचे हेडमास्तर आमच्यासमोर ताठ चालत आणि साहेब दिसला की कमरेतून मोडत.

साहेबांसाठी सकाळीच जमीन सारवून घेतली होती. ती वाळलीच नव्हती. माझ्या वर्गाने निमकी धडाधडा म्हटली, साहेबांना जांभई आली, आम्ही पास झालो. मीही मग पडद्याच्या फटीतून पलीकडे पाहत राहिलो.

“कुठलीही रक्कम घाला, साहेब,” मास्तर ऐटीत म्हणाले.

“चारशे सोळाचं निम्मं करा.”

शतंच्या चार मोळ्यांतल्या दोन राहिल्या. दहंची एकुलती एक जुडी सुटली आणि एकंकडे गेली. तिथे सोळा झाल्या, आठ राहिल्या. दहंवरचा सुलेमान, विणकराचा मुलगा, रिकाम्या हातांनी उठून उभा राहिला. सगळे अगदी बिनचूक.

इतक्यात हेडमास्तरांना साहेबांचे बूट शेणात दिसले. त्यांनी चटकन सुलेमानचा रिकामा पाट उचलून साहेबांच्या पायांखाली सरकवला. वर शतंच्या पोराला म्हणाले, “सरक रे जवळ, ओळ नीट दिसू दे!”

“हं, वाचा,” साहेब म्हणाले.

पोरे शिकवल्याप्रमाणेच वागली. त्यांनी शेजारी शेजारी आलेली दोन घरे पाहिली आणि खणखणीत आवाजात वाचले, “अठ्ठावीस!”

साहेब खो खो हसले. मास्तरांचा हात आडवा झाला, तो थेट हेडमास्तरांच्या छातीवर. “ठेवा तो पाट खाली! रिकामं असलं तरी घर आहे!” साहेबांचे पाय अजून पाटावरच होते.

आठवड्याच्या आत मास्तर पेठच्या मोटारीत बसले. मी निरोप द्यायला गेलो होतो. चेष्टा करायची माझी काही हिंमत झाली नाही. ते एवढेच म्हणाले, “पोरांचं उत्तर बरोबर होतं हो. घरं चुकीची होती.” फार वाईट वाटले मला.

नवे मास्तर आले. दार सारखे आपटते म्हणून अडसर द्यायला त्यांनी ‘सहस्र’चा चौथा पाट उचलला, तेव्हा सुलेमान उठून म्हणाला, “गुरुजी, तो राहू द्या. रिकामं असलं तरी घर आहे.” डाव्या कडेच्या रिकाम्या घराला गणितात काही किंमत नसते, हे मला कळते. मास्तरांनाही कळत होतेच. पण पाट तिथेच राहिला आणि पोरे त्याला वळसा घालून जाऊ लागली.

एकदा हेडमास्तर वर्गात आले. “हा इथे कशाला?” म्हणत ते वाकले. सगळा वर्ग त्यांच्या हाताकडे पाहू लागला. त्यांनी हात मागे घेतला, धोतराला पुसला आणि पाटाला वळसा घालून ते बाहेर गेले.