आओस्ताची उभी दरी आणि मधल्या थांब्यावरचे बाबा

ऑफिसच्या कामासाठी मिलानला जायचं होतं. अमरावतीच्या घरी हे सांगितलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "मलेबी ने. बर्फाचा पहाड पाह्यचा हाय." बाबा सत्तरी ओलांडलेले. सारा जन्म दर्यापूरजवळच्या शेतात गेला. तिकडे चढ म्हणजे नाल्यावरचा पूल, बस.

काम संपल्यावर आम्ही मिलानहून आओस्ताची बस धरली. जवळपास तीन तासांचा रस्ता. इटलीचा हा सगळ्यात छोटा प्रांत म्हणजे मधे एक नदी आणि दोन्हीकडे उभे डोंगर. ऊन खाणाऱ्या उतारावर दगडी बांध घालून द्राक्षं लावलेली, समोरच्या सावलीच्या उतारावर नुसतं जंगल. बाबा काचेला नाक लावून बसले होते.

"काहून बाई, इथं सपाट जागा ठेवलीच नाई?"

आओस्ता शहर साधारण सहाशे मीटरवर. जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा आणि वर वितळलेलं चीज. घरून नेलेल्या लोणच्यानं तो बाबांच्या घशाखाली उतरला.

दुसऱ्या दिवशी बसनं तासाभरात बर्फाच्या डोंगरापायथ्याचं कुर्मायर गाव गाठलं आणि लगेच रोपवेत बसलो. तिकीट महाग आहे, आधीच काढून ठेवा. मधला थांबा बावीसशे मीटरच्या आसपास. तिथे उतरताच बाबांनी कठडा धरला. चेहरा पांढरा पडला होता.

"मले दम लागून राहिला. तू जाय वर."

"तुमाले सोडून कशी जाऊ?"

"एवढ्या दूर आली अन् अर्ध्यातून वापस जाशीन? मी हाय इथं, या बाकावर."

पाणी पिऊन ते जरा सावरले, तेव्हा मी गेले. वर साडेतीन हजार मीटरवर माँ ब्लाँ हा बर्फानं झाकलेला उंच पहाड अगदी समोर होता. भराभर फोटो काढले आणि मिळेल त्या पाळण्यानं खाली आले.

बाक रिकामा होता.

उपाहारगृह पाहिलं, स्वच्छतागृहाबाहेर हाका मारल्या. बाबांच्या फोनला तिथे रेंज नव्हती. शेवटी थांब्याशेजारच्या डोंगरी फुलांच्या बागेत शिरले, तर बाबा तिथल्या माळीणबाईशेजारी उकिडवे बसलेले. ती इटालियनमध्ये बोलत होती, हे वऱ्हाडीत.

"बाबा! बाकावरून काहून उठले?"

"दम गेला, मंग बसून काय करू? हे पाह्य, माती कमी अन् गिट्टीच जास्त. यात फुलं येतात तरी कशी?"

मला रडू फुटलं. त्या बाईनं काही न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

वडीलधाऱ्यांना तिथे न्यावं का, असं आता बरेच जण विचारतात. जरूर न्या. पण आधी डॉक्टरांना विचारा आणि कुर्मायरला एक रात्र थांबून शरीराला उंचीची सवय होऊ द्या. आम्ही घाई केली.

परत आल्यावर एका संध्याकाळी अंगणात बाबा म्हणाले, "वर काय दिसलं, सांगितलंच नाई तू."

मी शिखरांची नावं सांगू लागले आणि मधेच थांबले. खरं तर वर असताना मी सारखी खालीच पाहत होते.

"तुमी दिसत नव्हते, बाबा. बाकी सारं दिसलं."

बाबा म्हणाले, "या थंडीत आपल्या चिखलदऱ्याच्या पहाडावर जाऊ. तिथं संगंच चढू."