सुषमाच्या लाल वाट्या

सुषमाच्या नवऱ्याचा, दिलीपभाऊंचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला माझ्या शेडमध्ये माती मळत होतो. "सुषमा गेली ना भाऊ... झोपेतच," ते म्हणाले. मग, "भट्टी तशीच बंद हाय. कालच विझवली होती तिनं. मले हात लावाचं भेव वाटते. तुमीच उघडा."

सुषमा आणि मी चिनी मातीचं काम नागपूरला एकत्र शिकलो. लग्नानंतर तिनं बाभुळगावला नवऱ्याच्या दुकानामागं गॅसची भट्टी बांधली. जुन्या चिनी कुंभारांची तांब्याची लाल झिलई आम्हा दोघांनाही हवी होती. भांड्यावर चढणारा तो काचेसारखा थर मोठा लहरी. भट्टीतली हवा नेमकी कोंडली तर तांबं लाल होतं, जरा चुकलं की भांडं हिरवट नाहीतर मळकट तपकिरी निघतं. माझी तपकिरीच निघाली, वर्षानुवर्षं. तिला मात्र एका उन्हाळ्यात तो रंग गवसला... डाळिंबाच्या दाण्यासारखा, काठाशी पांढरा होत गेलेला. तिनं मला लगेच बोलावून घेतलं, सगळं मिश्रण सांगितलं. तेच जास्त लागलं. लपवलं असतं तर निदान रागावता आलं असतं.

"काहून जमत नाही रे तुले?" ती कळवळून विचारायची. "तू घाबरून हवा लवकर सोडून देतं."

घरी येऊन मी ती म्हणाली तसंच करायचो. पुन्हा तपकिरी. तिची भांडी मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांत गेली. मी टाळ्या वाजवल्या, आणि परतीच्या प्रवासात कुणाशी बोललो नाही.

ती गेल्यावर आठवडाभरानं मी बाभुळगावला गेलो. भट्टीच्या तोंडाच्या विटा काढताना मनात एकच होतं... निदान ही तरी फसलेली निघू दे. ती या जगात नव्हती, आणि मी हे मागत होतो. टॉर्चचा उजेड आत टाकला. सगळ्या वाट्या लाल. इतक्या लाल पूर्वी तिलाही जमल्या नव्हत्या.

"बराबर निघाल्या काय?" दिलीपभाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, "याहून चांगल्या मी कुठं पाहिल्या नाहीत."

ते तिथंच विटांवर बसले आणि हमसून हमसून रडले.

निघताना त्यांनी एक वाटी माझ्या हातात दिली. "शोकेसमंदी नका ठेवू. चहा प्या तिच्यात."

रोज सकाळी पितो. पण चहा ओतायच्या आधी वाटी उलटी करतो, खिडकीच्या उजेडात धरतो आणि बुडाशी झिलई कुठं ओघळली आहे का, टाचणीच्या टोकाएवढं तरी छिद्र राहिलंय का, ते शोधतो. अजून सापडलेलं नाही.