मराठीच्या पेपरातल्या माझ्या सह्या

आमच्या कंपनीच्या गेटवर तंबाखू, काडीपेटी आणि व्हाइटनर या गोष्टी काढून घेतात. तंबाखूवाल्याला वॉचमन दम देऊन सोडतो. व्हाइटनरवाल्याचं नाव वर जातं. सणसवाडीत गोळ्या-औषधांची कंपनी आहे आणि मी तिथं पॅकिंगला आहे, शिरूरहून कंपनीच्या बसनं जाऊन-येऊन.

कागदावर चूक झाली तर लपवायची नाही, हा आमच्याकडं नव्या माणसाचा पहिला धडा. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा. मग सही, तारीख आणि का चुकलं त्याचं कारण. मी नवीन असताना एकदा तीनचा आकडा गिरवून गिरवून आठ केला होता. क्वालिटीच्या मॅडमनी मला सगळ्या शिफ्टसमोर उभं केलं आणि विचारलं, "हा तीन आहे, आठ आहे की कोळसा आहे?" तेव्हापासून माझा हात असा वळला की घरी किराण्याच्या यादीतही साखर खोडली तर मी शेजारी सही ठोकते आणि लिहिते, "कारण: साखर डब्याच्या मागं सापडली." आमच्या दुकानदाराला आता सवय झाली आहे.

नव्या पोरांना हे शिकवायचं काम माझ्याकडंच असतं, आणि खरं दुखणं तिथंच होतं. लाइन इन्चार्ज व्हायला दहावी पास लागतं. मी दहावी नव्हते. म्हणजे ज्याचा हात धरून मी रेघ मारायला शिकवायचं, तोच वर्षभरात माझा इन्चार्ज होऊन मला विचारणार, "ताई, आज उशीर का?" असे किती इन्चार्ज मी घडवले! शेवटच्यानं तर कहर केला. मी शिकवलेली रेघ त्यानं मलाच मारून दाखवली आणि वर म्हणाला, "समजलं का?" माझं टाळकंच सरकलं. त्याच आठवड्यात मी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं.

नवरा टेम्पो चालवतो. तो "बस की" म्हणाला आणि गाइड घेऊन आला. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या म्हणाल्या, "बस बाई, पर पास हो. नापास व्हायचं असंल तर घरी बसून बी हुतंय." एवढा धीर पुष्कळ झाला. जाता-येता बसमध्ये मी पाठांतर करायला लागले. शेजारची बाई डुलक्या घ्यायची आणि तिच्या डोक्याचं वजन खांद्यावर घेऊन मी समानार्थी शब्द म्हणायची.

पहिला पेपर मराठीचा. आमचं केंद्र शिरूरच्याच एका शाळेत होतं. तिथली बाकं कोवळ्या पोरांसाठी केलेली, त्यात मी कशीबशी आडवी शिरले. पर्यवेक्षक म्हणून आलेले सर तरुण होते. त्यांनी सूचना वाचायला सुरुवात केली. खाडाखोड करू नये. चुकलं तर एकच आडवी रेघ मारावी. गिरवू नये. व्हाइटनर वापरू नये. मला इतका आनंद झाला की काय सांगू. हे तर सगळं आपलंच! वर्गातली पोरं घाबरून बसली होती आणि मला माहेरी आल्यासारखं वाटत होतं. पुढं सर नाव, सही, खूण असलंही काहीतरी म्हणाले. पण आपल्या माहितीचं कीर्तन चालू असलं की माणूस मान डोलावतं, ऐकत नाही.

मी लिहायला बसले आणि चुकले, तसं खोडलं. नेटकं. पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. शेजारी सही. तारीख. व्याकरणात एक खोडलं, "कारण: प्रश्न नीट वाचला नाही." रसग्रहणात अर्धा परिच्छेद खोडला, "कारण: दुसऱ्या कवितेचं आठवलं." पत्रलेखनात मायना चुकला, तिथं लिहिलं, "कारण: पाठ करताना बस हलत होती." असं मन लावून मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

शेवटची घंटा झाली. सर पेपर गोळा करत माझ्यापाशी आले, आतलं पान त्यांच्या नजरेला पडलं आणि ते तिथंच थबकले.

"हे काय आहे?"

"करेक्शन, सर."

"आणि ही सही?"

"करेक्शनची."

त्यांनी पान उलटलं. तिथं आणखी दोन होत्या. "आणि ही तारीख?"

त्यांच्या आवाजानं मी गडबडले. "आजचीच हाय की, सर. चुकली का?"

सरांनी मला आणि पेपरला धरून केंद्र संचालकांच्या खोलीत नेलं. संचालक म्हणजे तिथले मुख्याध्यापकच होते, निवृत्तीला आलेले, शांत माणूस. त्यांनी सगळी पानं चाळली, चष्मा काढला आणि मला समजावून सांगितलं. पेपर कुणाचा आहे हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून नंबरसुद्धा झाकतात. अशा पेपरात कुणी सही केली तर तिचा अर्थ एकच होतो, की आतून वशिला आहे आणि तपासणाऱ्याला खूण केली आहे. हा गैरप्रकारच.

"वशिला?" मी म्हणाले. मला भीती वाटायला हवी होती, पण मला रागच आला. "अहो सर, माझा वशिला असता तर मी इतकी वर्षं गोळ्यांची खोकी भरत बसले असते का?"

"ते इथं लिहून द्या," ते म्हणाले आणि माझ्यापुढं कोरा कागद सरकवला.

मी जबाब लिहायला घेतला. दुसऱ्याच ओळीत मी कंपनीच्या जागी शाळा लिहिलं. सवयीनं आडवी रेघ मारली आणि पेन हवेत धरून तशीच बसले. सही करावी की न करावी? पर्यवेक्षक सर बघतात, संचालक बघतात, घंटा देणारा शिपाईसुद्धा दारातून बघतो.

"करा, करा," संचालक म्हणाले. "इथं लागते."

मी सही केली, तारीख टाकली आणि कारण लिहिलं, "घाबरले." ते वाचून त्यांच्या मिशीखाली जरासं हसू आलं. पण रिपोर्ट पाठवावाच लागेल, असं त्यांनी सांगितलं. बाकीचे पेपर देता येतील. निकाल मात्र राखून ठेवतील, पुण्याला बोर्डात बोलावतील, आणि तिथं हा गैरप्रकार ठरला तर सगळेच पेपर रद्द.

घरी येऊन सांगितलं तर आत्यांनी कपाळाला हात लावला. "लोकं सही करून सरपंच हुत्यात, आन् तू सही करून नापास व्हय?"

मग माझा हात सुधारायची मोहीम सुरू झाली. रोज संध्याकाळी मी मुद्दाम चुकीचं लिहायचं, रेघ मारायची आणि पुढं जायचं. शेजारी आत्या बसायच्या. पेन रेघेनंतर जरा रेंगाळलं की त्या दंडाला चिमटा काढायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण सही कुठं सुरू होते ते त्यांना बरोबर कळायचं. गणिताच्या पेपरापर्यंत दंड हिरवानिळा झाला आणि हात सुधारला. त्या पेपरात मी चिक्कार चुकले, चिक्कार खोडलं आणि एकही सही केली नाही. संचालकांनी स्वतः येऊन पेपर पाहिला आणि "शाब्बास" म्हणून गेले.

त्या दिवशी मला दुपारपाळी होती. पेपर देऊन मी तशीच कामावर गेले. पाळी संपता संपता क्वालिटीच्या मॅडम माझ्या लाइनवर आल्या. हातात माझाच कागद. त्यावर चुकलेला आकडा, वर सुरेख आडवी रेघ, आणि शेजारी काहीच नाही.

"ताई, तुम्ही?" देवळातला गुरव चपला चोरताना सापडावा, तसं त्या माझ्याकडं बघत होत्या.

मला मेमो मिळाला. इतक्या वर्षांतला पहिला. "खाडाखोडीवर सही, तारीख व कारण आढळले नाही." तो द्यायला आमचा इन्चार्ज आला, मीच शिकवलेला, आणि म्हणाला, "मिळाला म्हणून इथं सही करा, ताई." केली. तारीखही टाकली.

घरी आत्या म्हणाल्या, "तितं केली म्हून धरलं, हितं न्हाई केली म्हून धरलं. एकदा अंगठाच देऊन टाक, मिटंल सगळं."

निकालाच्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राचा निकाल लागला आणि माझ्यापुढं "राखीव" आलं. पाठोपाठ पुण्याचं बोलावणं. नवऱ्यानं टेम्पोची एक फेरी बुडवली आणि मला घेऊन गेला. मी जाताना तो मेमो घडी करून पर्समध्ये ठेवला होता. इन्चार्ज व्हायला निघाले होते आणि पदरात मेमो पडला होता. आता दहावीही गेली तर कंपनीत तोंड कसं दाखवायचं, हेच मी रस्ताभर नवऱ्याला विचारत होते. त्यानं दोनदा टेम्पो कडेला घेऊन मला चहा पाजला.

बोर्डाच्या खोलीत टेबलामागं दोन साहेब आणि मधे एक वयस्कर मॅडम बसल्या होत्या. माझा मराठीचा पेपर त्यांच्यासमोर. त्यांनी माझी कारणं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "दुसऱ्या कवितेचं आठवलं." "बस हलत होती." डावीकडच्या साहेबांनी तोंडापुढं फाइल धरली, पण त्यांचं पोट हलत होतं.

मॅडम हसल्या नाहीत. "ही कंपनीची सवय म्हणता. पुरावा काय?"

मी मेमो काढून दिला. त्यांनी तो वाचला, तारीख बघितली, माझ्या गणिताच्या पेपराची तारीख बघितली आणि पुन्हा मेमो वाचला.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही आमचा नियम पाळलात, म्हणून कंपनीनं मेमो दिला?"

"हो, मॅडम. सकाळी सुधारले आणि दुपारपाळीला सापडले."

आता मात्र तिघंही हसले. आपसात थोडं बोलले आणि मॅडमनी सांगितलं, की लेखी ताकीद देऊन निकाल लावायला हरकत नाही. मी उठून तिघांना नमस्कार केला. पुढं निकाल लागला, मी पास झाले, आणि आज मी लाइन इन्चार्ज आहे. पण त्या दिवसाचं मला आठवत राहतं ते ताकिदीनंतरचं.

मी निघाले तर मॅडम म्हणाल्या, "थांबा जरा." त्यांच्यासमोर निबंधाचं पान होतं. विषय, माझ्या शाळेतला निरोपाचा दिवस. मी गाइडमधला निबंध जसाच्या तसा पाठ केला होता. आम्ही सगळ्या मैत्रिणी साड्या नेसून आलो होतो. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. पायऱ्या उतरताना पाऊल जड झालं. एवढं लिहून मी प्रत्येक ओळीवर एकेक आडवी रेघ मारली होती, आणि खाली "मोबाइल: शाप की वरदान" लिहायला घेतला होता. मोबाइल माझ्याकडं होता, त्यामुळं त्यात अडचण नव्हती.

मॅडमनी खोडलेल्याचं कारण वाचलं. "मी गेले नव्हते. त्या दिवशी कांदा काढायचा होता."

हसणाऱ्या साहेबांनी फाइल खाली ठेवली.

"खोडलंत कशाला?" मॅडम म्हणाल्या. "चांगलं लिहिलं होतं. मार्क मिळाले असते."

मग मला सांगावं लागलं. माहेर पाटसजवळचं. त्या दिवशी रोजानं बाई मिळेना, म्हणून वडील म्हणाले, आजच्या दिवस चल. एका दिवसानं काही कांदा निघत नाही. तो संपला तोवर परीक्षाही होऊन गेली, आणि पुढं लगेच स्थळ आलं. शाळेनं मला निरोप दिला नाही, मीही दिला नाही. "आणि आमच्याकडं झालं नाही ते लिहायचं नसतं, मॅडम. गोळ्या मोजल्या नसतील तर मोजल्या म्हणून लिहिता येत नाही."

"अहो, पण हा निबंध आहे. निबंधात कल्पना चालते."

मी त्या पानावरच्या रेघांकडं बघितलं. 

"हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," मी म्हणाले. "माहीत असतं तर निबंधात तरी गेले असते की मी. आईची हिरवी साडी आदल्या रात्रीच गादीखाली घालून इस्त्री केली होती."