पाहुण्याचा शिरा

माझ्या हातचा शिरा माझ्या घरात कुणी खाल्लेला नाही. सून शेजारणींना सांगते, सासूबाईंना गोडाचं वावडं आहे. तसं काही नाही. पुरणपोळी मी अजूनही तुपात बुडवून खाते. पण सकाळच्या पारी रवा भाजल्याचा वास आला, की मी उठून अंगणात जाऊन बसते. कारण कधी कुणाला सांगितलं नाही. आता वय झालं, तर सांगून टाकते.

काष्टीला आमचं घर स्टेशनाच्या वाटेवर होतं. आई, वडील, माझ्याहून आठ वर्षांनी थोरला दादा आणि मी, एवढीच माणसं. न्याहारी म्हणजे शिळी भाकरी. काय करू, काय नको असा प्रश्नच नसायचा. संध्याकाळी आई भाकरी थापायची, त्यातल्या शेवटच्या चार ताटात यायच्या नाहीत, कुणी कितीही भुकेला असो. त्या फडक्यात गुंडाळून दुरडीत जायच्या आणि दुरडी शिंक्यावर. भाकरीची दुरडी रिकामी राहू द्यायची नाही, हा आईचा नेम होता. पाहुणा असला तरच सकाळी ताजं काही व्हायचं. पाहुण्याला शिळं घालायचं नाही, हा दुसरा नेम.

दादाची न्याहारी बघत बसावी अशी असायची. चुलीतले निखारे पुढे ओढून तो भाकरी त्यांच्यावर उभी धरायचा, कडा कडक होईपर्यंत. मग तिच्यावर तेल, मीठ, लाल तिखट हाताने चोळायचं आणि कांदा बुक्कीने फोडायचा. ताजी भाकरी त्याला आवडायचीच नाही. ती माझ्यासारखी अल्लड असते म्हणायचा, रात्रभर गप पडून राहिली की मग तिला अक्कल येते. मी चिडायचे, आणि तो माझ्या ताटातला कांदा पळवायचा.

इंग्रजांचं राज्य होतं आणि मोठी लढाई सुरू होती. गावातली दोन-तीन पोरं फौजेत गेली, त्यांच्या नादानं दादाही गेला. आई मात्र चारच भाकरी ठेवत राहिली. चौथी दुपारी म्हशीपुढे जायची. वडील एकदा म्हणाले, कशाला ठेवतेस. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दीड वर्षाने दादा दहा दिवसांच्या रजेवर आला. अंगाने भरला होता, पायात बूट होते. पहिल्याच सकाळी दुरडी खाली घेऊन निखाऱ्यापाशी बसला, आणि आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. आठ दिवस तसेच गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी वडील सहज म्हणाले, की उद्या त्याला पोचवायला भाऊबंद येतील, शेजारपाजार येईल. बस, तेवढं माझ्या डोक्यात शिरलं. मी बारा वर्षांची, आणि शहाणपण तर उतू चाललेलं. एवढा फौजेतला माणूस, आणि चार लोकांसमोर शिळी भाकरी आणि कांदा खाणार? मला आपली लाज वाटली.

सकाळी आई आडावर पाण्याला गेली, तेवढ्यात मी डाव साधला. दिवाळीसाठी म्हणून तिने थोडा रवा आणि मोठ्या मुश्किलीने मिळालेली साखर जपून ठेवली होती. दोन्ही काढलं, शिरा केला. शिळ्या भाकरी कुणाच्या दृष्टीला पडू नयेत म्हणून दुरडी खाली घेतली आणि चारही भाकरी म्हशीला घातल्या.

माणसं जमली. दादा कपडे चढवून आत आला आणि सवयीने त्याचा हात दुरडीत गेला. हात तसाच राहिला. मी पुढे होऊन शिऱ्याची ताटली त्याच्यासमोर ठेवली. शाबासकीची वाट बघत होते मी. तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं.

“मला पावना केलंस व्हय गं बये?”

आई दारात हंडा घेऊन उभी होती. तिने शिरा पाहिला, दुरडी पाहिली. हंडा ठेवून तिने पिठाला हात घातला, पण गाडीची वेळ झाली होती. आणि भाकरी थापली असती तरी ती शिळी कुठून होणार? दादाने दोन घास खाल्ले. निघताना माझी वेणी ओढून म्हणाला, “पुढच्या बारीला शिळी ठेव.”

पुढची बारी आली नाही. पावसाळ्यानंतर सरकारी कागद आला. शाळेच्या मास्तरांनी तो वाचून दाखवला. गोळी लागली नव्हती; तापाने गेला होता, कुठल्याशा इस्पितळात.

आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती चार भाकरी ठेवायची आणि दादाच्या वाटणीची रोज सकाळी माझ्या ताटात घालायची. मी ती संपवायचे. ही शिक्षा की माया, ते मला लग्नापर्यंत कळलं नाही.

लग्न होऊन मी बेलापूरला गेले. पहिल्या दिवाळसणाला नवऱ्याबरोबर माहेरी आले. परतायच्या दिवशी जावयासाठी आईला शिरा करावाच लागला. दादा गेल्यानंतर त्या घरातला तो पहिला शिरा. ओसरीवर त्यांना ताटली दिली, आणि शेजारची म्हातारी म्हणाली, लेकीलाही वाढा, तीही आता पाहुणीच. आई आत गेली आणि तिने मला हाक मारली.

चुलीपाशी ताट मांडलं होतं. निखाऱ्यावर कडक केलेली शिळी भाकरी, तेल, तिखट, फोडलेला कांदा. आई माझ्यासमोर बसली.

“एकाला पावना करून धाडला,” ती म्हणाली. “तुला न्हाई करायची.”

मी भाकरी मोडली. आधी कोण रडलं, ती की मी, ते आता आठवत नाही. निघताना मात्र मी शिंक्यावरची दुरडी खाली घेतली आणि फडकं उचलून पाहिलं. आत एक भाकरी होती, दादाच्या वाटणीची.